निरीक्षणाचे दोन अर्थ : इंग्लंडमधील घरगुती बालसंगोपनाच्या इतिहासाचा एक विचार

१. प्रास्ताविक

मराठीत ‘निरीक्षण’ हा एकच शब्द दोन भिन्न व्यवहारांसाठी योजला जातो. पक्ष्यांचा अभ्यासक घरट्याजवळ तासन्‌तास बसून जे करतो ते निरीक्षण. आणि निरीक्षकसाहेब शाळेत येऊन हजेरीपट व टाचणवही मागवून घेतात तेही निरीक्षणच. पहिल्या व्यवहारात जाणून घेण्याची इच्छा प्रधान असते, दुसऱ्यात खात्री करून घेण्याची. इंग्रजी भाषेने या दोन व्यवहारांना स्वतंत्र शब्द दिले आहेत. तथापि शब्द वेगळे असले म्हणून व्यवहार वेगळे राहतातच असे नाही. मोबदला घेऊन परक्यांची लहान मुले स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या इंग्लंडमधील स्त्रियांच्या व्यवसायाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला असता, हे दोन व्यवहार प्रथम एकमेकांपासून अगदी दूर होते, पुढे ते जवळ आले आणि अखेरीस एकाच वहीच्या एकाच पानावर येऊन बसले, असे दिसून येते.

या स्त्रियांना तेथे ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. आपल्याकडील घरगुती पाळणाघर चालविणारी बाई तिला पुष्कळशी जवळची; परंतु चाइल्डमाइंडर ही कायद्याने नोंदणीकृत असते. प्रचलित नियमांनुसार तिला आठ वर्षांखालील अधिकांत अधिक सहा मुले एका वेळी सांभाळता येतात व त्यांपैकी पाच वर्षांखालील मुले सामान्यतः तीनच असू शकतात. केवळ खाऊपिऊ घालणे, निजविणे व इजा होऊ न देणे एवढ्यावर तिचे कर्तव्य संपत नाही. मूल काय करीत आहे हे तिने पाहावे, त्यावरून त्याच्या शिकण्याची दिशा ओळखावी, आणि पुढील दिवसांची योजना तदनुसार आखावी, अशी अपेक्षा आज तिच्याकडून केली जाते. ही अपेक्षा कोठून आली, ती कोणत्या मार्गाने एका सामान्य स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली, आणि त्या प्रवासात तिचे स्वरूप कसे पालटले, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात योजिले आहे.

२. पहिली नोंदवही : १८७२

मुले सांभाळणाऱ्या बाईने काही लिहून ठेवावे, अशी मागणी इंग्लंडात सर्वप्रथम केली ती शिक्षणशास्त्राने नव्हे, तर फौजदारी स्वरूपाच्या एका प्रश्नाने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गिरण्यांत, कारखान्यांत व घरकामात राबणाऱ्या स्त्रिया आपली तान्ही मुले शेजारणीकडे किंवा एखाद्या वृद्धेकडे ठेवीत. याच्याच जोडीला एक भयंकर धंदा वाढला होता. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन, एकरकमी पैसे घेऊन, बहुधा अविवाहित मातांची अर्भके ताब्यात घ्यावयाची आणि मग ती अन्नावाचून व अफूमिश्रित औषधांच्या गुंगीत झिजत मरू द्यावयाची, असा तो प्रकार होता. ‘बेबी फार्मिंग’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. लंडनमधील ब्रिक्स्टन भागात हा धंदा करणाऱ्या मार्गारेट वॉटर्स या स्त्रीस १८७० च्या ऑक्टोबरात फाशी देण्यात आले, तेव्हा लोकमत अत्यंत प्रक्षुब्ध झाले आणि १८७२ साली पार्लमेंटने अर्भकांच्या जीवितरक्षणाचा कायदा संमत केला.

एक वर्षाखालील एकाहून अधिक अर्भके मोबदला घेऊन चोवीस तासांपेक्षा जास्त काळ ठेवून घेणाऱ्याने आपले घर नोंदविले पाहिजे, असे या कायद्याने ठरविले. नोंदणीकृत व्यक्तीने एक वही ठेवावयाची होती. तीत मुलाचे नाव, लिंग, वय, ते घरी आल्याची तारीख आणि ज्यांच्याकडून आले त्यांची नावे व पत्ते लिहावयाचे. तसेच मूल दगावल्यास मृत्युतपासणी अधिकाऱ्यास चोवीस तासांच्या आत कळवावयाचे. मूल काय पाहते, काय बोलू लागले, कशाला भिते, कशाने हसते, यांपैकी कोणत्याही गोष्टीस त्या वहीत रकाना नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. ती वही मूल जिवंत आहे की नाही एवढेच विचारीत होती. ज्या काळात हा प्रश्न विचारणेच अगत्याचे होऊन बसले होते, त्या काळाला तिच्या रकान्यांबद्दल दोष देता येत नाही.

दिवसापुरती मुले सांभाळणारी शेजारीण मात्र चोवीस तासांच्या मर्यादेमुळे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या लिडिया बेकर प्रभृतींनी अशा कायद्याला कडाडून विरोध केला होता. कष्टकरी आईने आपले मूल कोणाकडे ठेवावे यात शासनाने हात घालू नये, असा त्यांचा पक्ष होता. त्यामुळे पुढील पाऊणशे वर्षे दिवसाची सांभाळणारी बाई कायद्याच्या नजरेस फारशी आली नाही. ती ना निरीक्षक होती, ना निरीक्षणाचा विषय.

३. विद्वानांची दैनंदिनी

पहिली नोंदवही कायद्याने सक्तीची केल्यानंतर पाचच वर्षांनी, म्हणजे १८७७ साली, ‘माइंड’ या नियतकालिकात चार्ल्स डार्विन यांचा एका अर्भकाविषयीचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्याला आधार होता सदतीस वर्षांपूर्वीच्या एका दैनंदिनीचा. डार्विन यांचा पहिला मुलगा विल्यम हा २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला. पहिल्या सात दिवसांतील त्याचे शिंकणे, उचकी लागणे, जांभया देणे व आळोखेपिळोखे यांपासून राग, भीती, कुतूहल आणि वाणी यांच्या पहिल्या खुणांपर्यंत सर्व काही पित्याने टिपून ठेविले होते. वर्षाचा होताच या मुलाने खाण्यासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच तयार केला, ही त्यांतील एक नोंद. मराठी घरांतही तान्ह्या मुलांच्या भाषेत ‘मम्‌मम्’ हा शब्द खाण्यासाठीच चालतो, हे येथे सहज आठवते.

या दोन वह्यांमधील अंतर लक्षणीय आहे. एक वही गरीब बाईने धाकाने भरावयाची, दुसरी विद्वान पित्याने जिज्ञासेने भरलेली. एकीत मुलाचे अस्तित्व तेवढे आहे, दुसरीत मुलाचे मन आहे. बालकाच्या मनाचा अभ्यास हे शास्त्र जसजसे आकार घेऊ लागले तसतसा निरीक्षणाचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न पुढे आला. ‘स्टडीज ऑफ चाइल्डहुड’ हा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध करणारे जेम्स सली यांना माता व दाया यांच्या साक्षीविषयी साशंकता वाटत असे. जिथे प्रेम फार, तिथे मुलाच्या कृतीत नसलेला अर्थ वाचला जाण्याचा धोका फार, अशी ती शंका होती. ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला की, मुलाजवळ दिवसभर जी असते तिचे म्हणणे शास्त्राला कच्चे वाटू लागले, आणि जो थोडा वेळ येऊन पाहतो त्याचे म्हणणे पक्के ठरले. या व्यवसायाच्या पुढील इतिहासात ही समजूत पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसते.

४. मॉल्टिंग हाऊस आणि ‘अर्सुला वाइज’

पाहणे आणि योजना करणे यांचा सांधा इंग्लंडात खऱ्या अर्थाने जुळला तो केंब्रिज येथे. जेफ्री पाइक या धनिक व विक्षिप्त गृहस्थांनी तेथे काढलेली मॉल्टिंग हाऊस शाळा ऑक्टोबर १९२४ मध्ये सुरू झाली. सुझन आयझॅक्स या तिच्या प्रमुख होत्या. आरंभी शाळेत दहा मुलगे होते. सर्वांत लहान पावणेतीन वर्षांच्या आतला, सर्वांत मोठा पाच वर्षांच्या आतला. ठराविक वेळापत्रक नव्हते. बाग, पाणी, वाळू, पशुपक्षी, खरी हत्यारे आणि मुलांच्या प्रश्नांना मोकळीक, एवढे होते. मुले काय करतात व काय बोलतात हे शिक्षकवर्ग शक्य तितके त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवी. या नोंदींवर आधारलेले आयझॅक्स यांचे दोन ग्रंथ अनुक्रमे १९३० व १९३३ साली प्रसिद्ध झाले.

त्यांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. शाळेतील ससा एका रात्री मरण पावला. सकाळी एका मुलाने तो पाहिला आणि त्याचे पोट हलत नाही यावरून तो मेल्याचे सांगितले. दुसऱ्याने वडिलांचा हवाला देऊन म्हटले की, पाण्यात घातल्यास तो पुन्हा जिवंत होईल. आयझॅक्स यांनी ते चूक असल्याचे सांगितले नाही, की मृत्यूवर पाठही दिला नाही. पाण्यात घालून पाहावयाचे काय, एवढेच विचारले. ससा पाण्यात घातला गेला आणि नंतर पुरला गेला. दुसऱ्या दिवशी ससा आता तेथे नाही, आकाशात गेला, असे बोलणे निघाले, तेव्हा खणून पाहण्याची मुभा देण्यात आली. ससा तेथेच होता आणि मुलांचे औत्सुक्य विलक्षण होते.

या प्रसंगात पाहणे, अर्थ लावणे व योजना करणे या तीन क्रिया काही क्षणांत एकामागून एक घडून गेल्या आहेत. नोंद मात्र त्यानंतर झाली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुलाचे बोलणे ऐकून प्रौढ व्यक्तीने पुढे काय मांडावे हे ठरविले, हेच येथे निरीक्षणाचे फळ होय. कागद हे त्या फळाचे केवळ साठवण. आयझॅक्स यांनी १९२७ साली शाळा सोडली व पाइक यांचा पैसा बुडाल्यामुळे १९२९ साली शाळाही बंद पडली. परंतु घडलेली गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ यांत भेद राखण्याची जी शिस्त तेथे पडली, ती १९३३ पासून लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेतील बालविकास विभागात शिक्षकांना शिकविली जाऊ लागली.

शाळेच्या भिंतीबाहेरही एक धागा याच वेळी निघाला होता. ‘द नर्सरी वर्ल्ड’ हे साप्ताहिक विशेषतः सुखवस्तू घरांतील आयांसाठी निघत असे. १९२९ ते १९३६ या काळात आयझॅक्स त्यात ‘अर्सुला वाइज’ या टोपणनावाने वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. आया व माता आपल्या हाताखालच्या मुलांचे हट्ट, भीती, खोटे बोलणे, अंगठा चोखणे यांविषयी सविस्तर लिहीत. या पत्रांचा एक संग्रह १९४८ साली ग्रंथरूप झाला. पगार घेऊन दुसऱ्याचे मूल सांभाळणारी स्त्री बारकाईने पाहू शकते व पाहिलेले नीट सांगूही शकते, याचा हा लेखी पुरावा होता. सली यांच्या शंकेला दिलेले ते अप्रत्यक्ष उत्तर होय. तथापि ही आया श्रीमंत घरातली. औद्योगिक नगरांच्या गल्ल्यांतून चार-पाच मुले सांभाळणाऱ्या बाईला ‘अर्सुला वाइज’ यांचे नावही ठाऊक असण्याचा संभव थोडा.

५. पाहिली जाणारी बाई : १९४८ ते १९८०

१९४८ हेच वर्ष आयझॅक्स यांच्या निधनाचे, आणि हेच वर्ष दिवसा मुले सांभाळणाऱ्या बाईला इंग्लंडच्या कायद्याने प्रथम नावाने ओळखले त्याचे. दुसऱ्या महायुद्धात स्त्रियांना कामावर आणण्यासाठी उघडलेल्या शिशुशाळा युद्धानंतर झपाट्याने बंद होऊ लागल्या. दोन वर्षांखालील मुलाचे स्थान घरी आईजवळ, असे सरकारी धोरण १९४५ सालच्या परिपत्रकात नमूद झाले होते. आईला तर काम हवे होते. त्यामुळे शेजारणीकडे मूल ठेवण्याची जुनी प्रथा पुन्हा फोफावली आणि शिशुशाळा व चाइल्डमाइंडर यांच्या नियमनाचा कायदा करणे भाग पडले. नोंदणीचे काम स्थानिक आरोग्य प्राधिकरणांकडे आले. जागा पुरेशी आहे काय, संसर्गाची भीती आहे काय, मुलांची संख्या किती, यांवर दृष्टी होती. तीनपेक्षा कमी मुले सांभाळणारी बाई कायद्यातून सुटत असे. १९६८ साली ही पळवाट बंद करण्यात आली आणि नात्यातले नसलेले एक मूल जरी दिवसातून दोन तास सांभाळले तरी नोंदणी आवश्यक ठरली. शिकणे हा विषय या दोन्ही कायद्यांना परका होता.

१९७० च्या दशकात संशोधकांचे लक्ष या बाईकडे वळले. ब्रायन जॅक्सन यांनी औद्योगिक नगरांत भल्या पहाटे रस्त्यावर उभे राहून, अंधारात मुलांना घेऊन निघालेल्या माता कोणत्या घरी जातात हे पाहण्यास सुरुवात केली. नोंदणीविना चाललेले सांभाळणे किती आहे याची त्यातून कल्पना येऊ लागली. त्या मातांत वेस्ट इंडीज व भारतीय उपखंडातून आलेल्या कामगार स्त्रियांचाही भरणा होता. सोनिया जॅक्सन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७९ साली निघाला. तत्पूर्वी १९७७ मध्ये लंडनमधील चाइल्डमाइंडरांविषयी बेरी मेयॉल व पॅट पेट्री यांचा अभ्यास आणि त्यानंतर १९८० मध्ये ऑक्सफर्डशायरमधील चाइल्डमाइंडरांविषयी ब्रायंट, हॅरिस व न्यूटन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दोन्ही अभ्यासांत एक चिंताजनक गोष्ट आढळली. सांभाळणारीच्या घरी पुष्कळशी मुले शांत, निष्क्रिय व अलिप्त दिसत होती. बाईला मात्र ती ‘गुणी’ वाटत होती.

या निष्कर्षाचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो. परका निरीक्षक घरात येऊन बसला असता लहान मूल व सांभाळणारी बाई ही दोघेही नेहमीसारखी वागतील असे मानता येत नाही. त्यामुळे दिसलेल्या शांततेपैकी काही अंश पाहुण्याच्या उपस्थितीचा असणे शक्य आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. गप्प बसलेले मूल त्रास देत नाही म्हणून ते सुखी आहे, ही समजूत कोणत्याही देशातील घरात सहज होते. जे मूल रडते, पाडते, फोडते ते आपोआप नजरेत भरते. जे मूल कोपऱ्यात बसून राहते ते मुद्दाम पाहिल्यावाचून दिसत नाही. बाईने स्वतः निरीक्षण का शिकावे, याचे सर्वांत सबळ कारण या अभ्यासांनी पुढे आणले. ते कारण शासनाच्या सोयीचे नव्हते. कोपऱ्यातल्या त्या मुलाच्या गरजेचे होते.

६. निरीक्षणाची साधने घराकडे येतात

बाई स्वतःही याच सुमारास संघटित होऊ लागली. राष्ट्रीय चाइल्डमाइंडिंग संघटना १९७७ साली स्थापन झाली. बीबीसीने त्याच वर्षी या व्यवसायातील स्त्रियांसाठी दूरचित्रवाणीवर एक मालिका दाखविली. ‘शेजारीण’ या नात्याचे ‘व्यवसाय’ या नात्यात रूपांतर होण्याची ही सुरुवात म्हणावयास हरकत नाही.

दुसरीकडे संशोधनाची साधने सोपी होऊन शिक्षकांच्या हाती येत होती. जेरोम ब्रूनर यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्ड येथे झालेल्या प्रकल्पात कॅथी सिल्व्हा, कॅरोलिन रॉय व मार्जोरी पेंटर यांनी एका वेळी एकाच मुलावर लक्ष ठेवून त्याच्या हालचाली मिनिटामिनिटाने टिपण्याची पद्धत वापरली. मूल काय करते, काय बोलते, कामाचा प्रकार कोणता आणि सोबत कोण आहे, असे चार रकाने त्यात होते. मूळ हेतू संशोधनाचा असला तरी १९८० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर शिशुशाळांतील शिक्षिकांनीही ती पद्धत उचलली.

घराच्या दृष्टीने याहूनही उपयुक्त ठरले ते क्रिस अॅथी यांचे कार्य. १९७३ ते १९७८ या काळात चाललेल्या फ्रोबेल प्रकल्पात त्यांनी मुलांच्या वरवर निरर्थक भासणाऱ्या कृतींत पुनरावृत्तीचे साचे शोधले आणि ‘स्कीमा’ ही संज्ञा त्यांना लावली. त्यांचा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. एखादे दोन वर्षांचे मूल दिवसभर टोपलीतले बटाटे पिशवीत भरते, पिशवी दुसऱ्या खोलीत नेते, रिकामी करते, पुन्हा भरते. घाईत असलेल्या बाईला हा पसारा वाटतो. परंतु वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे या एका कल्पनेचा ते मूल ध्यास घेऊन अभ्यास करीत आहे असे ओळखले, की दुसऱ्या दिवसाची योजना आपोआप सुचते. बाजारात जाताना त्याला छोटी पिशवी द्यावी, टपालपेटीत पत्र त्याच्या हाताने टाकवावे, धुतलेले कपडे खोल्याखोल्यांतून पोहोचविण्याचे काम त्याला द्यावे. यासाठी महाग साहित्य लागत नाही, स्वतंत्र वर्गखोली लागत नाही. घर हेच साहित्य. अॅथी यांच्या प्रकल्पात पालकही निरीक्षणात सहभागी होते, ही गोष्टही येथे महत्त्वाची होय. निरीक्षण हा तज्ज्ञाचा राखीव हक्क नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

चाइल्डमाइंडरपाशी या कामासाठी काही स्वाभाविक अनुकूलता असते. मुले थोडी असतात. एकच स्त्री त्यांना वर्षानुवर्षे पाहते. सकाळच्या न्याहारीपासून संध्याकाळी आई दारात येईपर्यंतचा सारा दिवस तिच्या डोळ्यांपुढून जातो. आणि निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असल्याने थोरल्याचे पाहून धाकटे काय उचलते हेही तिला दिसते. शाळेला यांपैकी काहीच सहजासहजी साध्य नसते. तिच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. ती एकटी असते. एका मुलाचे दुपटे बदलताना दुसऱ्याचे बोलणे लिहून घेता येत नाही.

७. एकाच पानावर : १९८९ ते २०११

१९८९ चा बालकविषयक कायदा १९९१ च्या ऑक्टोबरात अंमलात आला आणि आठ वर्षांखालील मुलांच्या सांभाळणुकीची वार्षिक तपासणी सुरू झाली. हे काम स्थानिक समाजकल्याण विभागांकडे होते. सप्टेंबर २००१ मध्ये ते ‘ऑफस्टेड’ या शाळांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे गेले. स्वयंपाकघर व शाळा यांना आता एकच तपासनीस झाला. २००२ साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. २००६ साली बालसंगोपनाचा कायदा झाला. आणि सप्टेंबर २००८ पासून जन्म ते पाच वर्षे या संपूर्ण काळासाठी एकच चौकट सर्व नोंदणीकृत ठिकाणी लागू झाली. संगोपन आणि शिक्षण ही दोन वेगळी कामे नव्हेत, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते. मुले सांभाळणाऱ्या बाईला शिक्षिकेच्या पंक्तीस बसविणारी ही घटना ऐतिहासिक होय यात शंका नाही.

या चौकटीसोबतच्या मार्गदर्शिकेत मुलाच्या वयाच्या प्रत्येक टप्प्यापुढे पाहणे, ऐकणे व टिपणे यांना वाहिलेला एक स्वतंत्र स्तंभ होता आणि नियोजनाचाही एक स्तंभ होता. निरीक्षण, त्यावरून अंदाज, त्यावरून योजना, पुन्हा निरीक्षण, असे चक्र अपेक्षित होते. पाच वर्षांअखेरची उद्दिष्टे एकोणसत्तर होती. चक्र तत्त्वतः आयझॅक्स यांच्या परंपरेतलेच होते. परंतु आता त्या पानाचे वाचक दोन झाले होते. मुलासाठी उद्या काय मांडावे हे ठरविण्यासाठी बाई ते पान वाचणार. आणि बाई आपले काम करते की नाही हे ठरविण्यासाठी तपासनीसही तेच वाचणार.

लिहिणाऱ्याच्या मनात जो वाचक असतो त्याच्यासाठी लेखन घडते. तपासनीस मनात ठेवून लिहिलेली नोंद हळूहळू पुराव्याचे रूप घेते. चिकटचिठ्ठ्या, छायाचित्रे, उद्दिष्टांचे क्रमांक आणि मुलागणिक जाडजूड होत जाणाऱ्या वह्या घरोघर साठू लागल्या. मुले घरी गेल्यावर रात्री बसून या वह्या पुऱ्या कराव्या लागतात, ही तक्रार सार्वत्रिक झाली. अधिक सूक्ष्म हानी दिवसा होत होती. मुलाने काही नवे केले की बाईचा हात प्रथम त्याच्याकडे जाण्याऐवजी कॅमेऱ्याकडे जाऊ लागला. ससा पाण्यात घालून पाहावयाचे काय, हे विचारण्याचा क्षण नोंद करण्यात निघून जाऊ लागला. १८७२ ची वही मूल जिवंत आहे एवढेच विचारीत होती; २००८ ची वही मुलाचे मन विचारीत होती; पण दोन्ही वह्यांच्या मागे उभी राहून वाचणारी व्यक्ती शासनाचीच होती.

येथे एका अतिरेकी निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. तपासणी नको, असा याचा अर्थ नव्हे. वॉटर्स प्रकरणातील अर्भकांना तपासणी मिळाली नाही म्हणून ती मेली. बंद दाराआड असहाय मूल परक्या हाती असते, तेथे समाजाने डोकावलेच पाहिजे. प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नसून, तपासणीसाठी लागणारा पुरावा आणि मुलासाठी लागणारी समज ही एकाच कागदातून काढावीत काय, हा आहे.

८. परतीची वाट : २०११ नंतर

क्लेअर टिकेल यांचा अहवाल मार्च २०११ मध्ये आला आणि त्यानुसार सुधारलेली चौकट सप्टेंबर २०१२ पासून लागू झाली. एकोणसत्तर उद्दिष्टांची सतरा झाली. मूल्यमापनासाठी मुलांशी चाललेला संवाद दीर्घकाळ तोडावा लागू नये व कागदपत्रे बेताचीच असावीत, असे स्पष्ट करण्यात आले. त्याच वेळी दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा एक लेखी आढावा पालकांना देणेही आवश्यक ठरले. हा आढावा पालकांसाठी असल्याने, नोंदीला तपासनीसाखेरीज एक खरा वाचक पुन्हा मिळाला, असे म्हणता येईल.

नियम बदलले तरी सवय लगेच बदलत नाही. न जाणो कोणी विचारील, या धास्तीने वह्या भरणे चालूच राहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या सुधारित चौकटीत म्हणून अधिक ठाम भूमिका घ्यावी लागली. मुलाची ओळख व स्वतःचा व्यावसायिक विवेक यांवर बाईने निर्णय करावा, तो सिद्ध करण्यासाठी कागदी पुराव्याचे ढीग तिच्याकडे मागू नयेत, असे त्यात सांगितले गेले. जानेवारी २०२४ मध्ये चाइल्डमाइंडरांसाठी चौकटीची स्वतंत्र आवृत्ती लागू झाली. घर म्हणजे छोटी शाळा नव्हे, त्याची रीत निराळी, ही गोष्ट शासनाच्या लेखणीतून उतरण्यास अशा रीतीने दीडशे वर्षे लागली.

दुर्दैवाने ही मान्यता मिळेपर्यंत हा व्यवसायच ओसरू लागला होता. इंग्लंडमधील नोंदणीकृत चाइल्डमाइंडरांची संख्या २०१२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक होती. २०२३ मध्ये ती तीस हजारांच्याही खाली आली. अपुरा मोबदला, वाढता खर्च, निवृत्त होणाऱ्या स्त्रियांची जागा घेण्यास नव्या न येणे अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. व्यवसाय सोडणाऱ्या स्त्रिया त्यांत कागदकामाचाही उल्लेख करीत आल्या आहेत. एखाद्या व्यवसायावर विश्वास दाखविण्यास उशीर झाला तर विश्वास ठेवण्यासाठी माणसेच उरत नाहीत, असा धोका येथे दिसतो.

९. उपसंहार

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रीकडून नोंदीची अपेक्षा शिक्षणातून जन्मली नाही. ती संशयातून जन्मली आणि शिक्षणाचा आशय तिच्यात मागाहून भरला गेला. जुन्या भांड्यात नवे दूध ओतावे, तसा जुन्या संशयाचा वास त्या आशयाला काही काळ येत राहिला. दुसरी अशी की, बालनिरीक्षणाची परंपरा प्रथम विद्वानांच्या अभ्यासिकेत, मग प्रयोगशील शाळेत आणि सर्वांत शेवटी त्या स्त्रीच्या हाती आली. वास्तविक मुलांच्या सान्निध्याचा विचार केला तर क्रम उलट असावयास हवा होता. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, निरीक्षणाचे मोल नोंदीच्या संख्येत नसून त्यामुळे उद्याच्या दिवसात काय बदलले यात आहे. ज्या नोंदीने मुलासमोर काहीही नवे मांडले गेले नाही ती नोंद कितीही सुवाच्य असली तरी तपासणीचा कागद होय. आणि जे पाहणे कागदावर कधीच उतरले नाही, परंतु ज्यामुळे बटाटे भरणाऱ्या मुलाच्या हाती दुसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी आली, ते निरीक्षण या शब्दाच्या पहिल्या अर्थाने पूर्ण आहे.

मराठीने या दोन व्यवहारांना एकच शब्द दिला, हा भाषेचा उणेपणा मानण्याचे कारण नाही. खात्री करून घेण्यासाठी पाहणाऱ्यानेही जाणून घेण्यासाठी पाहावे, अशी आठवण तो शब्द करून देतो. तपासनीस सांभाळणारीच्या घरी आला असता त्याने वही उघडण्यापूर्वी थोडा वेळ जमिनीवर बसून मुले काय करीत आहेत आणि बाई त्यांना काय उत्तर देत आहे हे पाहिले, तर दोन्ही अर्थांचे निरीक्षण त्याच्या हातून एकदम घडेल. कोपऱ्यात गप्प बसलेले मूल तेथे असल्यास तेही त्याला दिसेल. वहीत ते बहुधा सापडणार नाही.